राक्षसाचा सांगाडा आणि नानांची दोन मडकी



मागच्या महिन्यात एका रविवारी दौंडला माहेरी गेले होते. जेवणं आटोपली, अब्बा आडवे झाले आणि धाकट्या बहिणीचा मुलगा मोबाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. यंदा आठवीत आहे. म्हणाला, "खाला, तुम्ही शाळेत हे का नाही शिकवत?"

मोबाइलवर एक व्हिडिओ चालू होता. खोल खड्ड्यात आडवा पडलेला भलामोठा मानवी सांगाडा, त्याच्या कवटीजवळ फावडं घेऊन उभा असलेला बोटभर माणूस. मग इंग्लंडमधले ते प्रसिद्ध उभे दगड, वर्तुळात मांडलेले. मागून घोगऱ्या आवाजात कुणी सांगत होतं की हा आद कौमच्या माणसाचा सांगाडा आहे, सरकारं ही गोष्ट लपवतात, आणि असे दगड उचलणं साध्या माणसाचं कामच नाही, ते याच लोकांनी उभे केले. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

आमच्या घरातल्या ग्रुपवर ते आधीच पोहोचलं होतं. अब्बांनी 'माशाअल्लाह' लिहून रेल्वेतल्या जुन्या दोस्तांना पाठवलंही होतं. मी भाच्याला म्हटलं, "बस, दोघं मिळून बघू. यातलं खरं किती ते शोधू." तो रविवार त्यातच गेला. शेवटी आम्ही जिथे पोहोचलो, तिथे जायचं माझ्या मनात नव्हतं. तेच आज तुम्हाला सांगते.

एका फोटोचे दोन मालक

आधी सांगाडा. हा फोटो २००२ सालचा आहे. इंटरनेटवर फोटोंत फेरफार करण्याची एक स्पर्धा होती. पुरातत्त्वातल्या चमत्कारिक गोष्टी असा काहीसा विषय होता. त्यासाठी कॅनडातल्या एका चित्रकाराने हा फोटो तयार केला. मूळ फोटो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या उत्खननाचा होता. तिथे २००० साली मास्टोडॉन या हत्तीसारख्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याची हाडं निघत होती. चित्रकाराने त्या खड्ड्यात माणसाचा सांगाडा मोठा करून बसवला. त्याने कुणाला फसवायला हे केलं नव्हतं. स्पर्धा होती, गंमत होती.

मग हा फोटो सुटला. २००४ साली बांगलादेशातल्या एका वृत्तपत्राने तो सौदी अरबस्तानच्या वाळवंटात सापडलेला आद कौमचा सांगाडा म्हणून छापला. आपल्याकडच्या एका मासिकाने हाच फोटो उत्तर भारतात सापडलेला महाभारतातला घटोत्कच म्हणून दिला. शेवटी २००७ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने या फोटोची सगळी कहाणी उलगडून सांगितली. त्यालाही आता किती वर्षं झाली! फोटो मात्र अजून दौंडच्या घराघरांत फिरतोय.

भाचा हिरमुसला. म्हणाला, "मग आद कौम खोटी?"

मी म्हटलं, "बेटा, फोटो खोटा आहे. कुरआनात आद कौमचा उल्लेख आहे आणि आपण तो मानतो. मानायला आपल्याला फोटो कधी लागला होता का?" मला काळजी वेगळीच वाटते. आज आपण मुलाला असा फोटो पुरावा म्हणून दाखवतो. उद्या कॉलेजात कुणीतरी त्याला दाखवतं की हा बनावट आहे. मग तो फक्त फोटोवर शंका घेत नाही, फोटो पाठवणाऱ्या आपल्या बापावरही घेतो. खबर आली की आधी शहानिशा करा, हे तर आपल्याला शिकवलेलंच आहे.

तीन डबे

मग आम्ही दगडांकडे वळलो. शाळेत मी मुलांना एक पद्धत सांगते, तीच भाच्याला सांगितली. स्वयंपाकघरात डाळ, तांदूळ, मसाला आपण वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो, तसे तीन डबे मनात मांडायचे. पहिला पुराव्याचा, म्हणजे जे हाताला लागलं, मोजता आलं. दुसरा अंदाजाचा. जाणकारांनी पुराव्यावरून बांधलेला तर्क त्यात जातो. तो उद्या बदलू शकतो. तिसरा किश्शाचा. लोकांनी रचलेली गोष्ट त्यात ठेवायची. तिसरा डबा फेकून द्यायचा नाही, तोही घरातलाच आहे. पण त्यातलं पहिल्यात ओतायचं नाही.

इंग्लंडच्या त्या जागेला स्टोनहेंज म्हणतात. सॅलिसबरी शहराजवळ आहे. आम्ही डबे भरायला घेतले.

किश्शाचा डबा पटकन भरला. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या लेखकाने लिहिलं की हे दगड राक्षसांनी आफ्रिकेतून आयर्लंडला नेले होते आणि मर्लिन जादूगाराने ते तिथून इंग्लंडला आणले. म्हणजे दगड मोठा दिसला की राक्षस आठवणं हे व्हॉट्सअॅपच्याही शेकडो वर्षं आधीचं आहे. पुढे लोक म्हणू लागले की ड्रुइड नावाच्या पुरोहितांनी ते बांधलं. पण ड्रुइडांचा काळ त्या दगडांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी येतो. हल्लीची पिढी परग्रहावरच्या लोकांचं नाव घेते.

पुराव्याच्या डब्यात काय आलं? तिथला खंदक इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा आहे. मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. त्यातले पुष्कळसे वीस टनांहून जड आहेत. २०२० साली दगडाची रासायनिक तपासणी झाली आणि यातले बहुतेक मोठे दगड पंचवीस किलोमीटरवरच्या जंगलातून आणले होते असं दिसलं. लहान निळसर दगड दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्सच्या डोंगरातले निघाले. मधल्या एका आडव्या दगडाचा माग २०२४ मध्ये थेट स्कॉटलंडच्या ईशान्येला लागला. तिथे जाळलेल्या माणसांच्या अस्थी सापडल्या. दगडांची मांडणी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाशी जुळते.

आणि ते दगड आणले कसे? लाकडी घसरगाड्या, दोर आणि पुष्कळ माणसं. हा दुसऱ्या डब्यातला माल आहे. पण भक्कम आहे, कारण लोकांनी तसे दगड ओढून पाहिले आहेत.

आपल्या विदर्भातली वर्तुळं

भाचा म्हणाला, "पण आपल्याकडे असं काहीच नाही." असं मुलांना नेहमी वाटतं, म्हणून हे आवर्जून सांगते.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला जुनापाणी नावाचं ठिकाण आहे. तिथे माळावर काळ्या दगडगोट्यांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते पाहून त्याला आपल्या देशातले तसेच दगड आठवले आणि त्याने तुलना केली. आसपासचे जुने लोक मात्र ही वर्तुळं गवळ्यांच्या तळाच्या खुणा आहेत असं सांगत. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकलला दगडी फरशांची छोटी घरं उभी आहेत. तिथे राक्षसाच्या उलट झालं. दार एवढंसं, म्हणून ती बुटक्या माणसांची घरं ठरली! दगड मोठा असो की लहान, गोष्ट त्याच्या मापाने बेतली जाते.

खोदल्यावर काय निघालं? १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची काही वर्तुळं उघडली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरी इथे उत्खनन केलं. वर्तुळाच्या आत, दगडमातीच्या भरावाखाली, माणसांचे अवशेष होते. बरोबर काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या, छिन्न्या, घोड्याचा लगाम होता. माहूरझरीला घोड्याची हाडं आणि घोड्याला घातलेले तांब्याचे दागिने मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. हे सगळं साधारण अडीच ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

म्हणजे ही मयतांची जागा आहे. लोखंड गाळणाऱ्या, घोड्यावर जीव असलेल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी गोळा केलेले हे दगड आहेत. खळग्यांच्या ओळी सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या दिशा दाखवतात का, यावर अलीकडे अभ्यास झाले आहेत. तो अजून दुसऱ्या डब्यातला माल आहे.

गाव एका रात्रीत उलटलं?

"खाला, नागपूर लांब आहे. इथे काय आहे?"

इथे दगड उभे नाहीत. इथे पांढरी आहे.

शेतीची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख साचली, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा भिंती उभ्या राहिल्या. त्याचं टेकाड होतं आणि त्याची माती भुरकट पांढरी दिसते. घोड नदीच्या काठाने अशी टेकाडं आहेत. माझी नानी तिथलीच. ती सांगायची, "तिथं मोठं मालदार गाव होतं. एक म्हातारी पाणी मागत आली, कुणी तिला घोटभर पाणी दिलं नाही. तिने बद्दुआ दिली आणि रातोरात सगळं गाव पालथं झालं. म्हणून तिथली मडकी उपडी निघतात." आम्ही पोरं ऐकताना एकमेकांना चिकटून बसायचो.

याच घोड नदीवर, आमच्या शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथलं टेकाड खोदलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. अन्सारी साहेबांचं नाव आपल्या घरांत फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. नेवासा, घोडकाठचंच चांडोली आणि इनामगाव, या तिन्ही ठिकाणच्या उत्खननांच्या अहवालांवर त्यांचं नाव आहे. महाराष्ट्रातले पहिले शेतकरी कसे राहत हे आज आपल्याला माहीत आहे, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षं वस्ती होती. लोखंड त्यांना ठाऊक नव्हतं. तांबं थोडं होतं. रोजच्या कामाला गारगोटीसारख्या दगडाची धारदार पाती वापरत. शंभराहून अधिक घरं उघडी झाली. जव हे मुख्य पीक होतं. शिवाय गहू, मसूर, वाटाणा होता. गुरं होती, शेळ्यामेंढ्या होत्या. कुंभार होता, सोनार होता आणि त्यांची घरं वस्तीच्या एका कडेला होती. धान्याचं कोठार होतं. पुराचं पाणी वळवायला दगडमातीचा बांध घातलेला होता आणि बाजूने पाट काढलेला होता. आज घोड धरणाच्या पाण्यावर आपण ऊस घेतो. त्याच नदीचं पाणी वळवून तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जव पिकवत होतं. आपल्या भागातलं दगडाचं सर्वांत जुनं बांधकाम दाखव म्हटलं, तर मी हा बांध दाखवीन. तो उंच नाही, त्याच्यावर व्हिडिओ कुणी करणार नाही. पण तो राक्षसाने घातला असंही कुणी म्हणणार नाही.

मग ते गाव गेलं कुठे? इ.स.पू. १००० नंतर परिस्थिती बिघडत गेली. पाऊस कमी झाला असावा, असं संशोधक मानतात. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. शेतीवर भागेना, तेव्हा शिकार वाढली. कचऱ्यात हरणांची हाडं जास्त दिसू लागली. शेवटी इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. गाव एका रात्रीत पालथं झालं नाही. तीनशे वर्षं ते तग धरून होतं. नानीच्या गोष्टीत पाणी आहे आणि खऱ्या हकिकतीतही पाणी आहे, एवढं मात्र खरं.

इनामगावची आणखी एक गोष्ट भाच्याला फार आवडली. तिथे मोठ्या माणसांना घरातच जमिनीखाली उताणं पुरत आणि पाय घोट्यापासून तोडत. हा पुरावा आहे. मयत उठून कुठे जाऊ नये, घरातच राहावं म्हणून पाय तोडत असावेत, हा अंदाज. ते चोर होते, त्यांना शिक्षा झाली, असं कुणी सांगितलं तर तो किस्सा. एका माणसाचे पाय मात्र शाबूत आहेत. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात त्याला बसवून पुरलं होतं. घराजवळच कोठार होतं. तो गावचा मुखिया असावा, हा पुन्हा अंदाज, पण समजूतदार अंदाज.

"आणि लहान मुलं?" भाच्याने विचारलं.

इथे मी थांबले. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आहे.

नानांची दोन मडकी

तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. नानांचं शेत नदीकाठी होतं. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून सगळेच शेतकरी गावाबाहेरच्या टेकाडातून बैलगाड्या भरून माती नेत. नानाही नेत. एक दिवस मामूच्या पहारीला मडकं लागलं. राखी रंगाची दोन मडकी होती, आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. मामूला वाटलं, गुप्तधन! त्याने एक फोडलं. आत माती होती, आणि मातीत काडीसारखी बारीक हाडं.

मला आठवतात ते नाना. ते गाडीजवळून आले, वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामूला म्हणाले, "जसं होतं तसं ठेव. वर माती घाल." त्या बाजूने त्यांनी पुन्हा गाडी लावली नाही.

पण गावात बातमी पसरलीच. सोनं होतं, नशिबात नव्हतं म्हणून हाडं झाली, असं लोक म्हणू लागले. रात्री कंदील घेऊन कुणीकुणी खणून गेलं. त्यांना सोनं मिळालं नाही, पण दोन-तीन वर्षांत अर्धं टेकाड संपलं. आमच्या घरात त्याहून वाईट झालं. त्याच वर्षी मामीचं पहिलं बाळ चाळिसाव्याच्या आत गेलं. नानीने दोन्ही गोष्टींची गाठ मारली. "तू ते मडकं फोडलंस," ती मामूला म्हणायची. भांडताना म्हणायची, आजारपणात म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. मामू उत्तर देत नसे. उठून गोठ्यात जाई. मामीला पुढे तीन मुलं झाली, अल्हमदुलिल्लाह, सगळी मोठी झाली. तरी ते वाक्य घरात राहिलंच.

पुढे मी बी.एड.ला होते. कॉलेजच्या ग्रंथालयात एका पुस्तकात इनामगावचा फोटो पाहिला. राखी रंगाची दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. खाली लिहिलं होतं, लहान मुलाचं दफन.

त्या काळी आपल्या भागात लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांच्या पोटात ठेवून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. इनामगावला अडीचशेहून अधिक दफनं मिळाली. त्यातली बहुतेक लहान मुलांची आहेत. तेव्हा बाळं जगवणं किती अवघड होतं, ते या एका गोष्टीवरून कळतं. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या आत दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते. कुणीतरी ते मणी ओवले होते, कुणीतरी ते त्या गळ्यात घातले होते.

सुट्टीत मी पुस्तक घेऊन नानीकडे गेले. नाना तेव्हा हयात नव्हते. फोटो दाखवला, सगळं समजावून सांगितलं. नानी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिली. मामूने एकच विचारलं, "मी माती नीट घातली होती ना गं परत?" मी म्हटलं, "घातली होती मामू. नाना उभे होते." मामी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "मतलब, उसकी माँ ने उसको घर में च रख्खा था." मग कुणी काही बोललं नाही.

नानीने चूक कबूल केली नाही. त्या पिढीची माणसं करत नसत. पण त्या दिवसानंतर ते वाक्य तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग ग्रुपवर जाऊन त्याने नानाजानना, म्हणजे माझ्या अब्बांना, लिहिलं की तो सांगाड्याचा फोटो खोटा आहे, स्पर्धेतला आहे. अब्बा उठल्यावर थोडे चिडले. संध्याकाळी मात्र चष्मा लावून त्यांनी दोस्तांना लिहिलं, "पहला मेसेज गलत था." मला त्या चार शब्दांचं फार कौतुक वाटलं. सत्तरीच्या माणसाला ते लिहिणं सोपं नसतं.

टेकाड कुणाचं?

पांढरीच्या गोष्टीत आपलं काय जातं, असं कुणी विचारेल. जातं ते असं. उभा दगड स्वतःची राखण थोडी तरी करतो, तो दिसतो. टेकाड दिसत नाही. ते जेसीबीच्या दोन दिवसांत सपाट होतं. गुप्तधनाच्या एका अफवेवर, नाहीतर भरावाच्या चार डंपर मातीसाठी, तीन हजार वर्षांचं गाव जातं. संशोधकांना इनामगावात सोन्याचे हंडे मिळाले नाहीत. किरकोळ दागिने आणि मणी मिळाले. त्यांना सर्वांत मोलाचे वाटले ते जळालेल्या जवाचे दाणे, चुलीची राख आणि हाडं. कारण माणसं काय खात, किती जगत, कशाने खंगत, ते त्यातूनच कळतं. रात्री कंदील लावून खणणारा हेच दाणे पायाखाली तुडवतो.

म्हणून शेतात किंवा घराचा पाया खणताना काही जुनं निघालं तर काम थांबवावं. हाताने उचकू नये, फोडू नये. जागेचा फोटो काढून ठेवावा आणि तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवावं. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ सालचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हाडं निघाली तर ती कुणाच्या तरी माणसाची आहेत, मग ते कोणत्याही काळातले, कोणत्याही रिवाजाचे असोत. नानांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण मडक्यावर माती परत घालायला त्यांना पुस्तक लागलं नाही.

या महिन्याचा घरचा अभ्यास

मुलांना घेऊन बसा आणि या तीन गोष्टी करा.

पहिली: ग्रुपवर आलेली एखादी 'आश्चर्यकारक' खबर निवडा. हा फोटो कुणी काढला, कधी, कुठे, असे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती पुढे पाठवायची नाही, एवढा नियम घरात करा.

दुसरी: आपल्या गावच्या पांढरीची, जुन्या बुरुजाची, बारवेची गोष्ट घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून ऐका आणि वहीत उतरवा. वर लिहा: किस्सा. मग खाली लिहा, यातलं आपण स्वतः काय पाहिलं.

तिसरी: पुण्याला जाणं झालं तर येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाची चौकशी करा आणि मुलांना दाखवा. इनामगावच्या वस्तू तिथे जपल्या आहेत. शिरूर-दौंडच्या मुलांना आपल्याच नदीकाठचं मडकं काचेमागे बघताना काय वाटतं, ते मला जरूर लिहून कळवा.

आमचा भाचा आता म्हणतो की त्याला उत्खनन करायचं आहे. त्याची अम्मी म्हणते, आधी गणितात पास हो. दोघांचंही बरोबर आहे.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह पुन्हा भेटू.